बिनबैलाची अंबाडी

वाडी, ता. लांजा
१५ जून २०२५

चि. संदेश,

आशीर्वाद दर पत्रात नव्याने लिहायचा मला कंटाळा आहे. लहानपणी दिलेले अजून चालू आहेत असं समज.

तुझी बी उगवली. सगळी नाही, पण चार कुंड्यांतून वर आली आहे. तू मे महिन्यात येऊन एवढे दिवे टांगलेस, पंखा लावलास, भिंतींना चांदीसारखा कागद चिकटवलास, तेव्हा शेजारची कमळा म्हणाली होती, "वयनी, ह्यो पोरगा लगीन लावतोय का झाडं?" तिला काय सांगू? आमची बाळंतिणीची खोली लग्न होऊन आल्यापासून मी बघते आहे, तिच्यात कधी बाळंतीण निजली नाही. खिडकी नाही, ऊन नाही, नुसती अडगळ साठायची. आता म्हातारपणी तिला पाळणा लागला म्हणायचा. सकाळी उठलं की आधी तिकडे जाते, मग चहा.

रोपं लुकडी झाली आहेत, कमरेत वाकतात. मी बाजूला काड्या रोवल्या. थोडं शेणखतही घातलं. तू घालू नकोस म्हणाला होतास, पण उपाशी ठेवून कोणाचं बाळसं वाढलेलं मी पाहिलं नाही. एक मात्र मला रुचत नाही. दिवा इतका वेळ जळतो की झाडांना रात्र उरतच नाही. झाडालाही झोप लागते रे.

तू फोन करत जाऊ नकोस. मला आता ढोलताशाखेरीज काही ऐकू येत नाही. तू तिकडून ओरडणार, मी इकडून "हो हो" म्हणणार, आणि दोघांनाही वाटणार की बोलणं झालं. त्यापेक्षा पत्र बरं. गावातलं जे ऐकायचं ते कमळा ऐकते आणि माझ्यासमोर तोंड मोठं करून सांगते. तिचे ओठ मला वाचता येतात, दुसऱ्या कोणाचे नाही. तिच्या नवऱ्याचे, आप्पांचेसुद्धा नाही, त्यांच्या मिशा आड येतात. कमळा आहे म्हणून मी ह्या घरात एकटी राहू शकते, नाहीतर कधीच तुझ्या विरारच्या खोलीत येऊन पडले असते.

जेवत जा.

आत्या


विरार
२२ जून

सुजय,

यातलं एक अक्षर मोबाईलवर लिहायचं नाही असं तूच बजावलंस, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच कोणाला पत्र लिहितोय. तुला मुळशीच्या पत्त्यावर मिळेल तेव्हा वाच आणि जाळ.

तू दिलेलं बी रुजलं. चार आहेत. मी आयुष्यात तुळस जगवलेली नाही, आणि आता गांजा लावतोय. व्हिडिओ बघून बघून डोळे गेले. खोली लावून दिली, दिवे आमच्या दुकानातलेच नेले, बाकी सगळं आत्या बघते.

आत्याला माहीत नाही. तिला मोबाईलवर पानाचं चित्र दाखवलं तर तीच म्हणाली, "अंबाडी ना ही?" आणि खरंच, पान हुबेहूब आहे. मी हो म्हटलं. परदेशी जात आहे, औषधाच्या कंपनीला लागते, दुसऱ्या कोणी लावू नये म्हणून दाखवायची नाही, असं कागदावर लिहून जोडून दिलं. तिने एक प्रश्न विचारला नाही. माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. मी सांगितलेलं ती खोटं धरत नाही.

दोनदा पीक काढू, तू म्हणतोस ती माणसं येऊन घेऊन जातील, मग वसईला माझं दुकान. पुढे झाडाला हात लावणार नाही.

घर तिच्या नावावर आहे, म्हणजे उद्या काही झालं तर आधी तिला विचारतील, असं तू हसत म्हणालास. ते मला आवडलं नाही. पण तेव्हा मी काही बोललो नाही हेही खरं.

संदेश


वाडी, ता. लांजा
१३ जुलै

चि. संदेश,

तुझं कार्डावरचं दोन ओळींचं पत्र पोचलं. पोस्टमन उभ्या उभ्या वाचून मोकळा झाला आणि कमळाला म्हणाला, "पोरगा बरा हाय." मलाही त्यापेक्षा जास्त कळलं नाही.

झाडं आता माझ्या खांद्याला लागतात. माझ्या शेणखताला नावं ठेवत होतास ना? एकदा पानांची टोकं करपली होती हे कबूल, पण मग मी पाणीच घातलं नाही आणि ती शुद्धीवर आली. नवशिक्याला एवढं कळलं म्हणजे पुष्कळ झालं. मी त्यांच्याशी बोलते. ती ऐकत नाहीत आणि मीही ऐकत नाही, तेव्हा आमचं चांगलं जमतं.

दोन-तीन गोष्टी मात्र लिहायला हव्यात.

एक म्हणजे ही अंबाडी आंबट नाही. मी पान चावून पाहिलं. कडवट लागतं, जिभेला चिकटतं. आंबट नाही ती अंबाडी कसली? परदेशात नेऊन हिचं काय केलं त्यांनी? आणि वास. ओलं गोणपाट कोपऱ्यात राहावं आणि त्यावर कोणी तिरफळं ठेचावीत तसा. पहिल्यांदा खोलीपुरता होता, आता माजघरापर्यंत येतो. माझ्या लुगड्यांना लागला आहे. आप्पा सुपारी मागायला आले तर उंबऱ्यातच थांबले. नाक वर करून म्हणाले, "वयनी, ह्यो वास म्या जत्रंत घेतलाय. देवरूखच्या अंगाला. गोसाव्यांच्या धुनीजवल." कमळाने मला ते दोनदा सांगितलं. मी म्हटलं, आप्पांना म्हाताऱ्या वयात सगळीकडे जत्राच दिसते. आम्ही हसलो. आप्पा हसले नाहीत.

दुसरी गोष्ट मनीची. परवा दार उघडं राहिलं, ती आत शिरून पाला खाऊन आली. मग अंगणात चालताना भिंतीला धडकली, पडली, उठली, परत धडकली. रात्रभर डोळे उघडे ठेवून चुलीकडे बघत होती. कमळा म्हणाली पाल खाल्ली असेल. आता बरी आहे, पण त्या दारासमोरून जात नाही. लांबून वळसा घालते.

आणि वीजबिलवाला मीटरसमोर बराच वेळ उभा होता. काहीतरी विचारलं. कमळा नव्हती, म्हणून मी नुसती मान डोलावली. त्याने काय विचारलं आणि मी कशाला हो म्हटलं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावरून घराकडे बघत गेला.

तू येऊन जा. घाबरले आहे असं नाही. पण घरात काहीतरी आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना कळतं आहे, असं वाटत राहतं.

आत्या


विरार
२० जुलै

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला आहे, तू बघितला नाहीस एवढंच.

तू उगाच काळजी करतेस. वास त्या जातीचा आहे, आंबटपणा त्यांनी मुद्दाम काढलाय, कंपनीला तसाच लागतो. खोलीच्या दाराखाली ओलं फडकं घालून ठेव. मांजरीला आत सोडू नकोस. तू स्वतःही पान चावू नकोस, आपल्याला सवय नसते. आप्पांना सांग, ते औषधी आहे. नको, काहीच सांगू नकोस. वीजवाला परत आला तर म्हण भाच्याने फ्रीज आणलाय.

कुलूप लाव खोलीला. किल्ली कमळाकाकूंकडेही देऊ नकोस.

गणपतीला सुट्टी मिळणार नाही बहुतेक. दुकानात सीझन आहे. विसर्जनानंतर येतो आणि सगळं घेऊन जातो. तोपर्यंत एवढं सांभाळ. तुझ्याशिवाय माझं कोणी नाही.

संदेश


विरार
९ ऑगस्ट

सुजय,

तुझा फोन दहा दिवस बंद आहे. पहिल्या पत्राचं उत्तर नाही. काल दुकानात दोघं आले, दिव्यांचे भाव विचारले, घेतलं काही नाही, जाताना एकाने विचारलं, सुजयला ओळखता का. मी नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही, फक्त दुकानाच्या पाटीचा फोटो काढला.

माझं पत्र जाळलंस ना? एवढंच कळव. कोऱ्या कार्डावर नुसता पत्ता लिहून टाकलंस तरी मी समजेन.

गणपतीला गावी जात नाही. तिथे मी दिसायला नको.

संदेश


वाडी, ता. लांजा
२० ऑगस्ट

चि. संदेश,

गणपतीला येणार नाहीस हे तू आधीच ठरवलं होतंस आणि मला "बहुतेक" म्हणून कळवलंस. ज्याला खरंच सुट्टी मिळत नाही तो चिडतो, साहेबाला चार शिव्या देतो. तू कोणाला शिव्या दिल्या नाहीस. आख्खी वाडी भरली आहे. कमळाचा गौरव मुंबईहून आला, आप्पांच्या अंगणात गाड्या लावायला जागा नाही, आणि मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे की संदेशच्या दुकानात सीझन आहे. असो. रागावून काय होणार? मी रागावलेली आहे एवढं तुला माहीत असू दे.

आता एक आनंदाची गोष्ट. तुझी अंबाडी कामाला येणार आहे.

कमळाचं ह्या वर्षी ऋषिपंचमीचं उद्यापन आहे. तुला आठवत नसेल, त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. भात नाही, वरण नाही. परसात हाताने लावलेलं, आपोआप उगवलेलं, तेवढंच. त्याची एकच भाजी करायची, अळू, माठ, भोपळा, सुरण, आणि आमच्याकडे अंबाडी लागतेच. ह्या पावसात परसातली अंबाडी कुजून गेली. बाहेरची घ्यावी तर शेतात आता पॉवर टिलर फिरतो, आणि तो बैलात धरायचा की नाही यावर कमळा आणि भटजी यांचं आठ दिवस चाललं आहे. भटजी म्हणतात यंत्राला दोष नाही. कमळा म्हणते, "बैलाचा काम करतो तो बैलच." ती हटायची नाही. इतक्या वर्षांचं व्रत शेवटच्या दिवशी बाटवायचं का, म्हणून काल माझ्याकडे येऊन रडली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की माझ्या घरात अंबाडी आहे जिला बैल ठाऊक नाही, नांगर ठाऊक नाही, शेत ठाऊक नाही. ऊनसुद्धा ठाऊक नाही. म्हाताऱ्या बाईने हाताने पाणी घालून वाढवलेली. ह्याहून सोवळी भाजी कोकणात मिळेल का? आंबट नाही, तर चिंचही चालणार नाही त्या दिवशी, पण झाडावरचे आंबट अंबाडे घालता येतील. कमळाला खोली उघडून दाखवली. तुझी आज्ञा मोडली, पण तिने झाडांना हात जोडले रे, आता काय म्हणशील?

कोवळे शेंडे काढायचे ठरलं आहे. तुला चार शेंड्यांनी तोटा होणार नाही. भाजी माझ्या हातची, खोबरं भरपूर. खाणाऱ्या आम्ही दोघीच, घरातल्या पुरुषांचं जेवण वेगळं. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, सकाळपासून उपाशी राहणार, तेव्हा दुपारी पोटभर वाढीन म्हणते.

तुझी हरकत असेल तर कळव. पंचमी अठ्ठावीसला आहे.

आत्या


विरार
२५ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तो पाला खुडू नका. भाजी करू नका. ती अंबाडी नाही. तो गांजा आहे. मी तुला खोटं सांगितलं. एका पानाने माणूस मरत नाही, पण शेंड्यांमध्ये जोर असतो, आणि काकू उपाशी आणि गोळ्या घेतात म्हणतेस. कमळाकाकूंना अजिबात देऊ नकोस. तूही खाऊ नकोस.

आप्पांच्या फोनवर फोन करणार होतो. पण ते फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, घरात पन्नास माणसं असतील, आणि सध्या माझा फोन कोण ऐकत असेल सांगता येत नाही. सुजय म्हणून एक मित्र आहे, तो सापडत नाही. म्हणून पत्र. आज टाकलं तर सत्तावीसला पोचायला हरकत नाही.

वाचल्यावर झाडं उपटून विहिरीमागच्या खड्ड्यात पुर. हे पत्र चुलीत घाल. मी आल्यावर पाया पडून सगळं सांगेन.

मला माफ कर.

संदेश


वाडी, ता. लांजा
१ सप्टेंबर

संदेश,

सत्तावीसला गणेश चतुर्थी होती. त्या दिवशी टपाल वाटत नाहीत. तुझं पत्र शनिवारी, तीस तारखेला आलं.

पंचमीला आम्ही जेवलो. मी थोडीच खाल्ली, मला तिचा वास नकोसा झाला होता. कमळाने तीनदा मागून घेतली. उद्यापनाचं जेवण म्हणून पान चाटून पुसून खाल्लं. मग आम्ही ओटीवर बसलो आणि ती हसायला लागली. कशाला हसतेस म्हटलं तर सांगता येईना. मलाही हसू यायला लागलं. पुढे तिचे ओठ हलत होते आणि मला एकही शब्द कळत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं उपासाने आपल्याला भोवळ आली. भिंत जवळ येत होती, लांब जात होती. मी डोळे मिटून खांबाला टेकले. ती पाण्याला म्हणून मागच्या दाराने गेली. तिथल्या जांभ्याच्या पायऱ्या तुला ठाऊक आहेत, पावसात शेवाळतात. ती पडली आणि तिथेच पडून राहिली. हाका मारत होती म्हणे. रस्त्यावरून जाणाऱ्या पोराने त्या ऐकल्या. मी दहा पावलांवर बसले होते.

गौरवने गाडीत घालून लांज्याला नेलं, तिथून रत्नागिरीला. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही. नाडी कधी पळते, कधी सापडत नाही. गौरव सगळं मला कागदावर लिहून दाखवत होता. डॉक्टर म्हणाले, पडण्यापूर्वी हिला झटका आलेला दिसतो. काय खाल्लं होतं म्हणून विचारलं. सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, ऋषीची भाजी. देवाधर्माचं अन्न. त्याने काय व्हायचं? मीही तेच सांगितलं. दोन दिवस ते झटक्याचेच उपचार करत राहिले, कारण आम्ही सगळे खरं बोलत होतो.

मग तुझं पत्र आलं.

ते हातात घेऊन मी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसले. दिवा चालू होता. झाडं खुडलेल्या जागी पुन्हा फुटली होती. मला आधी तुझाच विचार आला, हे लपवत नाही. चूल पेटलेली होती. कागद आत टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. कमळा जगली असती किंवा गेली असती, लोक म्हणाले असते म्हातारं माणूस घसरून पडलं. तू चार वर्षांचा माझ्या मांडीवर आलास तेव्हा ताप चढला की माझं एक बोट धरून झोपायचास. ते बोट मला आठवत राहिलं. मी कितीतरी वेळ तिथे बसले.

पण एक गोष्ट मला उलगडेना. तुला शनिवारी कळलं होतं. आप्पांचा नंबर तुझ्याकडे आहे. खरं सांगायची तुझी छाती नव्हती, कबूल. पण एवढंच म्हणायचं होतंस, की पाला खुडू नका, त्यावर फवारणी केली आहे. भर स्पीकरवर, पन्नास माणसांत म्हणायचं होतंस. खोटं बोलणं तुला नवीन नाही रे. ह्या वेळी एक खोटं कामाला आलं असतं. ते मात्र तुझ्या तोंडून निघालं नाही.

मी पत्र घेऊन गौरवबरोबर रत्नागिरीला गेले आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. ते वाचून आधी आत गेले. औषधं बदलली आहेत. आधी कळतं तर, एवढं नंतर माझ्यासाठी कागदावर लिहिलं, आणि पुढचं वाक्य पुरं केलं नाही. आप्पा बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि मिशांआडून काय बोलले ते मला कळलं नाही. मला ते सांगणारी आत होती.

इस्पितळातून पोलिसांना कळवावं लागतं म्हणाले. काल ते घरी आले, झाडं मुळासकट नेली, दिवे नेले, खोलीला त्यांचं कुलूप लावलं. खोली माझी, पाणी मी घातलं, शेंडे मी खुडले, हे सगळं मी लिहून दिलं आहे. माझ्या वाटणीचं मी भोगेन. मग त्यांनी लिहून विचारलं, बी कोणी आणलं. मी तुझं नाव सांगितलं. पत्ता तुझ्याच पाकिटाच्या मागे होता.

तू माझा आहेस. ते काही ह्याने पुसलं जात नाही. पुसता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गौरव कागदावर लिहून विचारत होता, संदेशला फोन लावू का. मी नको म्हटलं. फोन गेला असता तर तू रातोरात खोली सोडली असतीस, हे मला ठाऊक आहे, मीच तर तुला वाढवलं. म्हणून तू केलंस तसंच केलं. पत्र लिहिलं आणि साध्या टपालाने टाकलं. तुला ते मिळेपर्यंत ते लोक तुझ्याकडे पोचलेले असतील.

आत्या